रविवारचा दाब

माझ्या उजव्या मूत्रवाहिनीत धातूची एक जाळी आहे. चोवीस सेंटिमीटर लांब आणि निरांजनातल्या वातीएवढी जाड. डाव्या बाजूला तसलं काही नाही, कारण डावी किडनी गेली ती आम्हाला कळायच्या आधीच गेली. माझं जे काही चाललं आहे ते या एका नळीवर.

आजाराचं नाव मला अजूनही एका दमात म्हणता येत नाही. पोटाच्या आतल्या पडद्याच्या मागे, कण्याच्या पुढे एक अरुंद जागा असते. मोठी रक्तवाहिनी तिथूनच जाते आणि किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्याही तिथूनच उतरतात. काही माणसांच्या त्या जागेत पांढरट, चिवट पेशीजाल वाढायला लागतं. बहुतेकांच्या बाबतीत कशामुळे वाढतं ते सांगता येत नाही. त्याला घाई नसते. वाढत वाढत ते मूत्रवाहिन्यांना वेढतं आणि आवळतं.

"काका, भिंतीत पाण्याचा पाइप असतो," डॉ. खवाटे म्हणाल्या होत्या. "पाइपात कचरा नाही, खडा नाही. पण भिंतच आवळत गेली, तर पाणी जाणार कुठून?"

सानिका खवाटे आमच्या मिरजेतल्याच. वयानं माझ्या मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांच्यासमोर बसून लघवीबद्दल बोलायचं म्हणजे मी त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो. त्या वर्षातल्या सगळ्या संकष्ट्या मला पाठ झाल्या.

आधी प्लॅस्टिकची नळी घातली होती. ती दर तीन-चार महिन्यांनी बदलावी लागे आणि दोनदा तर त्याआधीच दाबली जाऊन बंद पडली. मग ही जाळी आली. निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूला आपला मूळ आकार लक्षात राहतो. वाकवा, चेपा, अंगाच्या उबेत तो परत आपल्या आकाराकडे येतो. या जाळीची विशेष गोष्ट अशी, की तिच्या विणीत तीन ठिकाणी केसाएवढे बारीक सेन्सर आहेत. मूत्रवाहिनी ही नुसती नळी नसते; ती दर काही सेकंदांनी आकुंचन पावून थेंब पुढे ढकलते. जाळी घातल्यावर ती लाट मंदावते, पण थांबत नाही. त्या लाटेवरच सेन्सर चालतात. बाहेरून आवळ वाढली की जाळी थोडी ताठ होते, स्टेरॉइडनं आवळ सैलावली की तीही सैलावते. कमरेला लावलेली रुपयाएवढी चकती दर मिनिटाचा दाब टिपते आणि इस्पितळाकडे पाठवते.

"एकच पथ्य," डॉक्टर म्हणाल्या. "मूत्राशयाच्या तोंडाशी एक झडप असते, लघवी उलटी वर जाऊ नये म्हणून. जाळीमुळे ती आता सताड उघडी राहणार. त्यामुळे तुंबवून धरायचं नाही. वाटलं की उठायचं. नाहीतर खालचा दाब थेट किडनीत. आणि तुमच्याकडे आहे एकच."

मी मान डोलावली आणि कॅलेंडरकडे बघितलं.

जाळीबरोबर एक ॲप मिळालं. त्यात 'जवळची व्यक्ती' म्हणून मी वैजयंतीचं नाव घातलं. दुसरं कोण होतं? माझा आलेख तिच्या फोनवरही दिसू लागला. रोज संध्याकाळी सात वाजता ॲप सहा प्रश्न विचारी. पाणी किती, पाठीत दुखलं का, गोळी घेतली का, असले. 'हो' किंवा 'नाही'वर बोट ठेवायचं. तीही उत्तरं तिला दिसत.

वैजयंती, म्हणजे वैजू, माझी एकुलती मुलगी. भूजजवळ पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम बघते. पूर्वी ती तिच्या आईशी तासन्‌तास बोलायची. मी पलीकडच्या खोलीत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. शेवटी फोन माझ्याकडे यायचा. "बाबा, कसे आहात?" "बरा आहे." की संपलं. नऊ वर्षांपूर्वी ही गेली आणि तो फोन माझ्याकडे आला. दर रविवारी सकाळी अकरा वाजता. मी पावणेअकरालाच फोन टेबलावर पुस्तकांना टेकवून समोर बसायचो.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं आम्ही हवा, डाळ आणि औषधं यांवर काढायचो. मग मधे एक शांतता यायची. ती ओलांडली गेली, की वैजू खरं बोलायला लागायची. चौदा नंबरच्या मनोऱ्याखाली बसणारा एक कुत्रा, खाडीत उतरलेले रोहित पक्षी, ऐंशी मीटर उंचीवर दोर कमरेला बांधून काम करताना डबा खाणारा तिचा सहकारी. मी फक्त "हं" म्हणायचो. पण त्या अर्ध्या तासासाठी माझा आठवडा असायचा.

ऑगस्टातल्या एका शनिवारी ॲपवर सूचना आली. 'रुग्णाच्या दिनक्रमाशी पडताळणी केली असता, वैजयंती यांच्याशी होणाऱ्या संपर्काच्या वेळी किडनीवरील दाब सातत्याने वाढतो असे आढळले आहे. हा संपर्क मर्यादित ठेवावा.'

दुसऱ्या दिवशी अकराला फोन आला. हवा नाही, डाळ नाही.

"बाबा, तुम्हालाही आलंय का ते?"

मशीन चुकलं असेल, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "आलंय."

"मी मागचे सहा रविवार काढून बघितले. अकरा वीसला चढायला लागतो. चाळिसाच्या वर जातो. बारा पाचला उतरतो. म्हणजे मी फोन ठेवल्यावर."

नेहमीचा माझा दाब पाण्याच्या बारा-पंधरा सेंटिमीटरांएवढा असतो. चाळीस म्हणजे किती हे मला कुणी समजावायला नको होतं. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं सहायक होतो.

"तुला बघून काही मला त्रास होत नाही, वैजू."

"होतो म्हणून कुठे सांगणार तुम्ही? तुम्ही काहीच सांगत नाही. आमच्या पवनचक्कीचा असा आलेख दिसला असता ना, तर मी पाती थांबवली असती. आधी थांबवायचं, मग कारण शोधायचं. तुमची एकच किडनी आहे, बाबा. मी मेसेज करत जाईन."

"बरं," मी म्हणालो.

पुढचा रविवार सपाट गेला, त्याच्या पुढचाही. बारा, तेरा, बारा. डॉ. खवाट्यांनी आलेख बघितला. "उतरला की! छान." मीही हसलो.

दाबमापक दाब दाखवतो, कारण दाखवत नाही, हे वाक्य मी बत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मला ते वाक्य आठवलं नाही. उलट कारणं आठवायला लागली. एकोणतिसाव्या वर्षी वैजू संसार मोडून दोन बॅगा घेऊन घरी आली होती. मी तिला काही विचारलं नाही. बॅगा आत नेऊन ठेवल्या आणि वाचनालयात गेलो. दोन महिने ती घरी होती आणि त्या दोन महिन्यांत मी तिच्याशी त्या विषयावर एक वाक्यही बोललो नाही. विचारणं म्हणजे जखम उघडणं, अशी माझी समजूत होती. ती खरी होती, की मला लोकांची लाज वाटत होती? आता सांगता येत नव्हतं. माझ्या मनात तिच्याबद्दल काही अढी असेल, मला न कळता दर रविवारी ती वर येत असेल. माझ्यापेक्षा जाळी आत होती. तिला जास्त माहीत असणार.

मेसेज येत राहिले. 'गोळी घेतली?' 'हो.' 'पाणी?' 'हो.' असे सात महिने गेले.

दुपारी मी मौला शिकलगारच्या दुकानात जाऊन बसतो. आम्ही एका शाळेत होतो. तो तंबोरे बनवतो. त्याचे आजोबा-पणजोबाही तेच करत. मी वर्गात शिकवत नव्हतो, नुसती उपकरणं मांडत होतो, हे त्याला शंभरदा सांगून झालं, तरी तो मला मास्तरच म्हणतो.

"मशीन म्हणालं पोरीशी बोलू नका, आणि तुम्ही गप बसलासा?" भोपळ्याला पॉलिश मारता मारता मौला म्हणाला. "उद्या म्हणंल मौलाच्या दुकानात जाऊ नका. मग काय करशीला?"

मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला.

"बघा! बघा ह्यो माणूस! विचार करायलाय!"

"तसं नाही रे. ते आकडे आहेत."

"आकडं माझ्याकडं पण हैत. तार किती ताणली ते मशीन सांगतंय की. पण जवारी लागली का न्हाई ते कान सांगतोय. तुम्हास्नी कान हाय का न्हाई?"

मला कान नाही, हे त्यालाही माहीत होतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार नेमकी टेकून गुंजू लागली की मौला डोळे मिटतो. मला सगळ्या तारा सारख्याच वाटतात.

मार्चमध्ये धारवाडहून एक वृद्ध गायिका तंबोरा घ्यायला आल्या. मौलानं मला आतल्या भिंतीशी बसवलं, ताक दिलं, पाठोपाठ चहा दिला. बाईंनी चार तंबोरे एकापाठोपाठ एक लावून बघितले. नको असलेला प्रत्येक तंबोरा समोर आडवा ठेवला जाई. बघता बघता माझ्या आणि दाराच्या मधे तीन तंबोरे आडवे झाले. खोली चिंचोळी. बाहेर जायचं तर वाद्यं ओलांडावी लागणार. वाद्य कुणी ओलांडत नाही. मौलाच्या दुकानात तर मांजरसुद्धा ओलांडत नाही. बाईंनी डोळे मिटून षड्ज लावला होता. त्यांना थांबवून "जरा ते उचलता का, मला जायचंय" असं म्हणणारा माणूस मी नव्हे.

मी बसून राहिलो. अर्धा तास. पाऊण तास. मग उजव्या कुशीत, बरगड्यांच्या खाली, एक बोथट ओढ सुरू झाली.

ती ओढ मला ओळखीची होती. अगदी तीच. टेबलापाशी, पुस्तकांना टेकवलेल्या फोनसमोर, वैजू चौदा नंबरच्या कुत्र्याबद्दल सांगत असताना लागायची तीच.

संध्याकाळी आलेख उघडला. दुपारी साडेतीन ते पावणेपाच एक टेकडी, चाळिसाच्या वर. आणि खाली सूचना: 'शिकलगार वाद्य भांडार या ठिकाणी दाब वाढल्याचे आढळले.' बरोबर सात वाजता सहा प्रश्न आले. चौथा होता, 'आज लघवी रोखून धरली होती का?' माझं बोट सवयीनं 'नाही'कडे गेलं आणि तिथेच थांबलं.

जाळी घातल्यापासून रोज संध्याकाळी मी 'नाही' म्हणत होतो. रविवारीसुद्धा. रविवारी सकाळी ठरलेलं दोन लिटर पाणी, वर चहा, आणि मग एक तास जागचं हलायचं नाही. मुलीला काय सांगणार, की मला लघवीला जायचंय? आणि ते तिच्या फोनवर 'हो' असं लिहून येऊ देणार? पण खरं सांगायचं तर नुसती लाज नव्हती. मी उठलो असतो तर ती म्हणाली असती, "बरं बाबा, ठेवते मग." ती मधली शांतता ओलांडायला आम्हाला वीस मिनिटं लागायची. एकदा उठल्यावर परत ओलांडता येईल याची मला खात्री नव्हती. म्हणून धरून बसायचो. मशीनला मूत्राशय दिसत नव्हतं. त्यानं मला रोज विचारलं होतं, आणि मी रोज खोटं सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी 'हो'वर बोट ठेवलं. मग वैजूला फोन लावायला हवा होता. कुणीही लावला असता. पण माझ्या शब्दावर माझाच कधी भरवसा नव्हता. एक निरीक्षण म्हणजे निरीक्षण नव्हे, किमान तीन हवीत, ही प्रयोगशाळेची शिस्त. तीन आलेख हातात असले की बोलायला बळ येईल, असं मला वाटलं.

मंगळवारी मी अकरा वाजता त्याच खुर्चीत बसलो. तेवढंच पाणी, तेवढाच चहा. समोर फोन नाही, माणूस नाही. प्रवासवर्णन वाचत बसलो आणि सव्वाबारापर्यंत उठलो नाही. टेकडी उमटली. बुधवारी पुन्हा. तीच टेकडी. गुरुवारी तिसरं निरीक्षण पुरं केलं, वहीत वेळ आणि दाब लिहिला आणि पेन ठेवताना हात थडथडायला लागला. मला वाटलं, आनंदानं. अर्ध्या तासात दात वाजायला लागले. ताप एकशे तीनवर गेला. आलेख बघून इस्पितळानंच गाडी पाठवली.

तीन दिवस नीटसं आठवत नाही. चौथ्या दिवशी डॉ. खवाटे खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. त्यांच्या हातात माझी वही होती.

"काका, हा प्रयोग होता?"

"हो."

"एक किडनी असलेल्या माणसानं, उघड्या झडपेवर, सलग तीन दिवस? खालचे जंतू सरळ वर गेले. क्रिएटिनिन दीडवर होतं, ते साडेतीनवर गेलं. आता दोनवर आलंय. तिथून खाली येईल की नाही, मला माहीत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला नुसतं सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"हो."

हे उत्तर मी धरलंच नव्हतं. मी त्यांच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. इथे कॅलेंडर नव्हतं.

"ॲपवर रोज 'नाही' का लिहीत होतात?"

"ती उत्तरं वैजूला दिसतात."

"मग?"

"मुलगी आहे हो ती."

"मीही कुणाची तरी मुलगीच आहे, काका. मला आत्ता सांगितलंत ना?" त्यांनी वही मिटली. "तिचे मला दिवसातून चार-चार फोन येतायत. काल विमानाचं तिकीट काढलं तिनं आणि रद्द केलं. मला विचारत होती, मी समोर आले तर बाबांचा दाब वाढेल का. मी म्हटलं, संसर्ग आहे, दाबाचं नंतर बघू. हे सगळं मी सांगू का तिला? दोन मिनिटांचं काम आहे."

माझ्या तोंडावर 'सांगा' आलं होतं. किती सोपं झालं असतं.

"नको," मी म्हणालो. "मी सांगतो."

पुढच्या रविवारी सकाळी मला घरी सोडलं. अकरा वाजता मी फोन लावला. नऊ वर्षांत मी तिला रविवारी स्वतःहून कधी फोन केला नव्हता. माझी वेळ वाट बघायची असायची. तिनं लगेच उचलला. चेहरा उतरलेला होता.

"बाबा, मेसेज करा ना. बोलू नका. चकती लावलीय ना तुम्ही?"

"लावलीय. वैजू, तू मधे बोलू नकोस. मला एकदम सांगू दे, नाहीतर राहील." मी वही पुढ्यात घेतली होती, पण उघडली नाही. "दाब तुझ्यामुळे वाढत नव्हता. मी लघवी धरून बसत होतो."

ती स्क्रीनजवळ सरकली.

"दर रविवारी. तू बोलायला लागलीस की मला उठवत नसे. उठलो असतो तर तू फोन ठेवला असतास. आणि संध्याकाळी मी ॲपवर खोटं लिहीत होतो, तुला दिसू नये म्हणून. मधे तीन दिवस मुद्दाम धरून बघितलं. तू नव्हतीस, तरी तोच आलेख आला. त्यातनंच ताप आला."

"सात महिने," वैजू म्हणाली. मग एकदम मोठ्यानं, "सात महिने, बाबा! एक शब्द! एक शब्द बोलायचा होता तुम्हाला! चौथीतलं पोरगं बोट वर करून सांगतं!"

"हो."

"आणि परत प्रयोग केलात? मरायचं होतं का?"

"नाही."

ती रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून टेबलाकडे बघत होती. मी थांबलो. ही शांतता पूर्वीच्या शांततेसारखी नव्हती.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "वाईट वाटेल तुम्हाला. ती सूचना आली ना, तेव्हा मला रडू आलं. पण कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं."

"का?"

"मी परत आले तेव्हा तुम्ही माझ्या बॅगा उचलल्यात आणि बाहेर निघून गेलात. तेव्हापासून मला वाटत होतं, की बाबांना मी नको आहे. तुमच्याकडून ते कधी कळणार नव्हतं. मग मशीननं सांगितलं. म्हटलं, चला. निदान कुणीतरी एकदाचं सांगितलं."

मी वही बाजूला सारली.

"मला विचारता येत नव्हतं," मी म्हणालो. "कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं. वाचनालयात जाऊन बसलो. काही वाचलं नाही. ते बंद होईपर्यंत बसलो होतो."

"आईनं सांगितलं होतं, तुम्ही चिडून गेलात."

"तिलाही मी काही सांगितलं नव्हतं."

वैजूनं डोळे पुसले. मग आम्ही बोलत राहिलो. तिच्या त्या दोन बॅगांपासून, जे तेव्हा विचारायचं होतं ते विचारत. काही प्रश्नांना ती म्हणाली, "ते नको, बाबा," आणि मी ते सोडून दिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. केव्हातरी कुशीत ती बोथट ओढ जाणवली. वैजू एका वाक्याच्या मध्यावर होती.

"वैजू, थांब," मी म्हणालो. कान तापले होते. "मला लघवीला जायचंय."

ती इतकी हसली, की तिला खोकला आला. "जा! जा आधी! मी आहे."

मला वेळ लागतो. जाळी, वय आणि आता अंगातला थकवा. भिंतीला धरून परत आलो तोवर सहा-सात मिनिटं झाली असतील. ती तिथेच होती.

"आता तुम्ही बसा," ती उठत म्हणाली. "मी पण जाऊन येते. तासभर तशीच बसलेय."

खुर्ची रिकामी झाली. नऊ वर्षं मी तिचा चेहरा बघत आलो होतो. तिच्या पाठीमागे काय आहे ते कधी दिसलंच नव्हतं. मागे एक भिंत होती, आणि भिंतभर कागद चिकटवलेले होते. ओळीनं, एकाखाली एक. आधी मला वाटलं, पवनचक्क्यांचे आलेख असतील. मी फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. कागदांवर वरच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. दर आठवड्याचा एक कागद, ऑगस्टपासूनचा. लाल पेनानं बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'इथे झोप लागली असावी.' 'आज पाणी कमी.' 'सकाळी फिरायला गेले का?' आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी, न चुकता: 'रविवार. सपाट. बरे आहेत.'

शेवटच्या ओळीत चार टेकड्या होत्या: दुकानातली एक आणि प्रयोगाच्या तीन. त्यांच्यापुढे काही लिहिलं नव्हतं. पेन नुसतं टेकवून उचललेलं दिसत होतं.

पावलं वाजली. वैजू येऊन बसली आणि भिंत झाकली गेली.

"काय बघत होतात?"

काही नाही, असं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"खालून दुसऱ्या ओळीतला तिसरा कागद," मी म्हणालो, "जरा तिरका लागलाय."